चाकोरीची खबर

कुइक्कावाराच्या जंगलातली अकरा किलोमीटरची स्कीची चाकोरी पुढच्या हिवाळ्यात राहणार की नाही, हे खांबावरच्या एका डोळ्यावर ठरायचं होतं. गाड्या लावायच्या जागेपासून दोनशे पावलांवर नगरपालिकेनं तो बसवला होता. समोरून माणूस गेला की आकडा एकानं वाढे. स्कीच्या सुट्टीचा आठवडा संपतो त्या रविवारी, दुपारी चारच्या आत, आकडा दीड हजारावर पोचला तर चाकोरी काढणारा ट्रॅक्टर पुढच्या वर्षी येणार. नाही पोचला, तर जंगल पुन्हा सशांचं.

ओइवा कार्पिनेन मोजणी खात्यातून निवृत्त झालेला, एकाहत्तर वर्षांचा माणूस. रोज सकाळी तो एक फेरी मारी आणि मग फेसबुकवरच्या गटात चाकोरीची खबर टाकी. गटात चारशेवर माणसं होती. खबर एका ओळीची असे: तापमान, चाकोरी कधी काढली, स्कीच्या तळाला कोणतं मेण लावायचं आणि शेवटी शेरा. ‘उणे नऊ. चाकोरी पहाटे काढलेली. निळं मेण. चालेल.’

गावाला या भाषेची सवय होती. ओइवाचं ‘चालेल’ म्हणजे इतरांचं ‘अप्रतिम’. ‘चालून जाईल’ म्हणजे वळणावर बर्फाची काच झाली आहे, जपून. एकदा त्यानं नुसतं ‘हं’ लिहिलं होतं, तेव्हा ट्रॅक्टरवाला आहती करवत घेऊन गेला आणि चाकोरीवर आडवं पडलेलं झाड कापून आला.

पण शहरातल्या लोकांना हे कोण सांगणार?

शुक्रवारी सकाळी तुओवी मोइलानेन त्याच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. ती ग्रामसंघाची अध्यक्ष, आणि शाळेत ओइवाच्या मागच्या बाकावरची. डोळ्याचा आकडा तिच्या मोबाइलवर दिसे. तिनं कॉफी ओतून घेतली आणि मोबाइल त्याच्यापुढे सरकवला.

“हे वाच. ओउलू शहरातली बाई आहे. ‘चालेल म्हणजे बरी दिसत नाही. आम्ही दुसरीकडे जातो.’ खाली आठ जणांनी अंगठे दिलेत. चौदाशे त्रेसष्ट झालेत ओइवा. अजून सदतीस हवेत आणि तू लोकांना पिटाळून लावतोयस!”

“मी खोटं काय लिहिलं?”

“खोटं लिही म्हणतंय कोण? चांगलं असेल तेव्हा चांगलं म्हण एवढंच सांगतेय. अरे, तुझ्या नावाचाच अर्थ झकास! आईबापांनी एवढ्या हौसेनं ठेवलं, आणि तुझ्या तोंडून एक कौतुकाचा शब्द बाहेर पडत नाही.”

ओइवानं कपाची जागा बदलली. “मी सकाळी नऊला लिहितो. माणूस पोचतो एकला. मधे ऊन पडतं. बर्फ बदलतो, शब्द तिथंच राहतो.”

“शपथपत्र लिहितोयस का तू? फेसबुक आहे ते!”

ती गेल्यावर त्यानं कप विसळले. तिचं म्हणणं बरोबर असावं, असं त्याला वाटलं. बहुतेकांचं म्हणणं त्याला बरोबर वाटत असे. पण त्यामुळे त्याच्या हातून काही वेगळं घडे, असं नव्हे.

शुक्रवारी आकडा पुढे हलला नाही. शनिवारी सकाळी उणे सात होतं. आदल्या संध्याकाळी चार बोटं बर्फ पडून गेला होता, आहतीनं पाचला ट्रॅक्टर फिरवला होता आणि चाकोरीच्या दोन्ही खाचा थंडीनं आवळून सुरेख बसल्या होत्या. स्की सुळकन घसरत होती तशीच पकडतही होती. पंधरा वर्षांत असा बर्फ ओइवाला आठवत नव्हता. पाचव्या किलोमीटरवर लाकडी आडोसा आहे. तिथं त्यानं शेकोटी पेटवली, हातमोजे काढले आणि मोबाइल हातात घेतला.

‘चालेल’ लिहिलं. पुसलं. ‘चांगली’ लिहिलं. तेही पुसलं. बोटं गारठायला लागली तेव्हा त्यानं एकच शब्द लिहिला, ‘उत्कृष्ट’, आणि मागे घेण्याची बुद्धी व्हायच्या आत पाठवून दिला. तापमान लिहायचं राहिलं. मेण राहिलं. ते जोडावं म्हणून पाहतो तर थंडीनं मोबाइल बंद पडला होता.

त्यानं काडीला सॉसेज टोचून आगीवर धरलं. मनावर ओझं होतं, पण सॉसेज चांगलं लागलं.

तासाभरानं झाडांतून आहती आला. टोपी नाही, धाप लागलेली. त्याच्यामागे तुओवी, तिच्यामागे अग्निशमन दलाचे दोन स्वयंसेवक रिकामी घसरगाडी ओढत, आणि त्यांच्यामागे जवळजवळ अर्धं गाव. ओइवाला क्षणभर बरं वाटलं. शब्दाचा उपयोग झाला म्हणायचा.

“बसून राहा! हलू नकोस!” तुओवी ओरडली. “हात वर कर. दोन्ही!”

“सॉसेज आहे हातात.”

“टाक ते! आता हस.”

“कशाला?”

“हस म्हणते ना!”

ओइवा हसला.

“वाकडं हसतोय,” एक स्वयंसेवक म्हणाला.

“तो सत्तर सालापासून असाच हसतो,” तुओवी म्हणाली आणि ओंडक्यावर मटकन बसली. “ओइवा, माणूस आहेस की कोण? नुसतं ‘उत्कृष्ट’! ना मेण, ना तापमान. वर फोन बंद. आम्हाला वाटलं, मेंदूला झटका आला.”

“माझा मेहुणा असाच भलतं बोलायला लागला होता,” आहती म्हणाला, “दवाखान्यात नेण्याआधी.”

“पण चाकोरी खरंच...” ओइवा म्हणाला आणि थांबला.

सगळ्यांनी खाली पाहिलं. येताना चाकोरीकडे कोणाचं लक्षच नव्हतं. कोणीतरी स्की पुढेमागे सरकवून बघितली. दोघातिघांनी घड्याळ पाहिलं आणि घरी लगेच जायला हवं असं नाही, असा त्यांचा चेहरा झाला.

एकजण मात्र वळायला लागला. ओइवा उठून उभा राहिला.

“तसा परत जाऊ नकोस. डोळा तुला दोनदा मोजेल. पुढून जा, वाट गाड्यांपाशी पलीकडून निघते. वळसा पुरा कर.”

“मोजू दे की दोनदा!” तुओवी म्हणाली.

“ते बरोबर नाही.”

तुओवीनं आकाशाकडे पाहिलं. मग सगळेच पुढून गेले. त्याला शोधायला आलेले एकोणतीस जण आणि ओइवा स्वतः मिळून संध्याकाळी आकड्यात तीस भरले. तो शब्द वाचून, निव्वळ बर्फासाठी, बाहेरगावाहून आले फक्त चौघे. चौदाशे सत्त्याण्णव.

रविवारी सकाळी अधिक दोन होतं आणि भुरभुर पाऊस लागला होता. ओइवानं आपली फेरी मारली, आकड्यात एक भरला आणि खबर टाकली. ‘अधिक दोन. पाणी. येऊ नका.’

अडीच वाजता गाड्या लावायच्या जागेत तुओवीची गाडी येऊन थांबली. तिथं दुसरी गाडी फक्त ओइवाची होती, आणि तो तिला टेकून उभा होता.

“येऊ नका?” तिनं काच खाली करून विचारलं. “आजच्या दिवशी? येऊ नका?”

“लांबून येतात माणसं. पेट्रोल जाळून.”

“दोन कमी आहेत, ओइवा. दोन! आता सरळ जायचं, त्या खांबापुढे दोनदा हात हलवायचा आणि घरी जाऊन केक खायचा. कोणाला कळणार आहे?”

ओइवानं खांबाकडे पाहिलं. त्याची चाकोरी होती, त्याचंच गाव होतं. हात हलवायला काही जड नव्हता. आपण उगाच ताठपणा करतो आहोत, असंही त्याला वाटलं, आणि तसं वाटत असतानाच त्यानं गाडीतून स्की काढल्या.

“फेरी मारून येतो,” तो म्हणाला. “एक कमी होईल.”

“एकदा झालीय ना सकाळी? या चिखलातून पुन्हा अकरा किलोमीटर? खरंच झटका येईल तुला!”

तो निघाला. ओल्या बर्फात स्की रुतत होती. खांबापाशी त्यानं मान खाली घातली आणि पुढे गेला. तुओवीनं मोबाइल पाहिला. चौदाशे नव्व्याण्णव. तिनं एक अशी शिवी दिली जी ग्रामसंघाच्या अध्यक्षांना शोभत नाही, आणि मागचं दार उघडून आपल्या स्की बाहेर ओढल्या.

तिसऱ्या किलोमीटरवर तिनं त्याला गाठलं. म्हणजे तोच थांबला होता.

“झाले,” ती धापा टाकत म्हणाली. “दीड हजार. आता वळू या मागे. मोजू दे काय मोजायचं ते.”

ओइवानं नकारार्थी मान हलवली आणि तिला चांगल्या खाचेतून जाता यावं म्हणून स्वतः बाजूच्या पाण्यात उतरला.

“पुढच्या वर्षी,” तुओवी त्याच्या शेजारून जाताना म्हणाली, “खबर मी लिहिणार.”

“लिही,” ओइवा म्हणाला. पाणी त्याच्या बुटांत शिरलं होतं. अजून आठ किलोमीटर होते.