खांदशेकणी

रूपराव मूळचा आंजीचा, पण उतरला होता वर्ध्याला, सासुरवाडीत. धाकट्या भावानं, किसनरावानंच तशी सोय लावली होती. आंजीच्या घरी संडास नाही, माणसाचे हाल होतील म्हणे! अरे, त्याच घरात जन्मलेल्या माणसाचे?

एकाहत्तर साली तो कॅनडात गेला, आता त्र्याऐंशी उजाडलं होतं. तिथला नागरिक हो म्हणून बायको मागे लागली होती, पोरं लागली होती, कंपनीतला साहेबसुद्धा लागला होता. मागून आलेले लोक पुढे निघून गेले. हा आपला भारताचा पासपोर्ट छातीशी धरून बसलेला. तो सोडला की आंजीचं घर आपलं राहणार नाही, ही एकच भीती. कॅनडातही दर पोळ्याला हा खुळा लाकडी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळायचा, त्याला जेवणाचं आवतण द्यायचा. पोरं हसायची. आता मात्र तो थकला होता. यंदा मायला सांगायचं आणि काय ते एकदाचं संपवायचं, म्हणून तो आला होता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी किसनराव गोठ्यात बैलांचे खांदे शेकत होता. रूपरावानं बाह्या सरसावल्या, तर त्यानं तूप-हळदीची वाटी मागे घेतली. कपडे खराब होतील दादा, तुम्ही बसा, म्हणाला. लगोलग खुर्ची आली, खुर्चीवर धुतलेली चादर आली. बैलांना ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणून झालं. मग किसनरावाची बायको जयवंता पदर सावरत, कुंकू घेऊन रूपरावासमोर आली.

“भाऊजी, उद्या आमच्या घरी जेवाले येजा.”

बिचारीनं मानानंच म्हटलं. पण घरच्या माणसाला कुणी आवतण देतं का? रूपरावानं ज्या भीतीपायी इतकी वर्षं काढली, ती तर केव्हाच खरी होऊन बसली होती.

तो उठून मायजवळ, म्हाताऱ्या शकुबाईजवळ, जमिनीवर टेकला.

“माय, आता मी तिकडचा होऊन जातो. इकडलं नाव कटते. थकलो मी.”

शकुबाईनं किसनरावाकडून तूप-हळदीची वाटी मागून घेतली, पळसाची पानं घेतली आणि रूपरावाला सदरा काढायला लावला. मग बैलाचा चोळावा तसा त्याचा खांदा चोळत राहिली.

“आवतन काय पाहुण्यालेच असते बापा?” ती म्हणाली. “राबून आलेल्यालेबी असते. आज आवतन घे, उद्या जेवाले ये.”

रूपरावाला रडू आवरेना. वर्ध्याची एसटी निघून गेली, तरी तो उठला नाही. किसनरावानं मग खुर्ची उचलून आत नेली आणि ओसरीवर दादासाठी घोंगडी अंथरली.