आठ सोनेरी, एक काळी आणि मी

मी नागपूरच्या हुडकेश्वर भागातल्या एका घराच्या हॉलमधली काचपेटी बोलतेय. फिशटँक म्हणा, अॅक्वेरियम म्हणा, किंवा या घरच्या रंभाबाई म्हणतात तसं 'मासोळ्याईचा डबा' म्हणा, माझी हरकत नाही. फक्त 'अय्या, किती क्यूट!' एवढं म्हणू नका. ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. एवढंसं असणं म्हणजे काय, हे या घरात कोणाला वेळेवर कळलं असतं, तर मला तोंड उघडायची पाळीच आली नसती.

माझ्यात अर्धी बादली पाणी मावतं. त्यात खाली रंगीत खडे, कोपऱ्यात प्लास्टिकचा किल्ला, वर बुडबुडे सोडणारी नळी. मग पोहायला उरलं किती, तुम्हीच सांगा.

माझा जन्म जरीपटक्याच्या बाजारात, एका मासेविक्रीच्या दुकानामागे झाला. कोण्या डॉक्टरच्या दवाखान्यासाठी भली मोठी पेटी बनत होती, तिच्या काचेचे तुकडे उरले. फेकायचे कशाला म्हणून ते चिकटवून मला उभी केली. म्हणजे मी जन्मापासूनच उरलीसुरली. पण तेव्हा मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. दुकानाच्या गल्ल्यावर मी ऐटीत बसले होते आणि माझ्यात एकच निळा फायटर मासा होता. एकटाच, आणि एकटाच खूश. पानाच्या आडोशाला झोपायचा, भूक लागली की काचेशी येऊन बघायचा. मी त्याला पुरत होते आणि तो मला. माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस सुखाचे. मग त्याला कोणीतरी विकत नेलं आणि माझं पाणी ओतून टाकलं.

दिवाळीच्या सुमाराला प्रीतम दुकानात आला. बुटीबोरीच्या एका कापड कंपनीत तो मशीनवर काम करतो. हुडकेश्वरला नुकताच दोन खोल्यांचा फ्लॅट घेतलेला. सोबत बायको सोनिका आणि मामा गोपाळराव. हे मामा रिटायर झाल्यापासून नातेवाइकांच्या घरातल्या दिशा तपासत फिरतात. कोणी विचारो न विचारो.

"ईशान्य कोपऱ्यात मासोळ्या पायजेत. आठ सोनेरी, एक काळी," मामांनी दुकानदाराला बजावलं. "घरावर काही आलं तं मासोळी आपल्या अंगावर घेते."

आता गंमत पाहा. त्या ईशान्य कोपऱ्यात चपलांचं स्टँड आहे. त्याच्या आणि उन्हाळ्यात खिडकीत बसणाऱ्या कूलरच्या मधे वीतभर जागा उरते. म्हणून पेटी घेतली जागेच्या मापाची आणि मासोळ्या घेतल्या मामांच्या मापाच्या. पेटीत मासोळ्या मावतात की नाही, हे माप कोणीच काढलं नाही.

सोनिकानं तेवढं विचारलं होतं. "एवढ्याशात नऊ मासोळ्या कशा राहतीन, भाऊ?"

"लहान पिल्लं हायेत ना ताई, राहतात आरामात," दुकानदार म्हणाला.

काय बोलावं याला! माणसाचंही पोर पाळण्यात राहतं आरामात, म्हणून काय त्याला जन्मभर पाळण्यात ठेवतात? या सोनेरी मासोळ्या वीतभर लांब होतात. वर्षानुवर्षं जगतात. खातात भरपूर आणि घाणही भरपूर करतात. मोठ्या हौदातलं गिऱ्हाईक हे. त्यांना माझ्यात सोडणं म्हणजे अख्खं वऱ्हाड मोरीत उतरवण्यासारखं होतं.

आठवडा गेला नाही तो पहिली उलटी तरंगली. नेमका त्याच दिवशी प्रीतम गाडीवरून घसरला आणि कोपर खरचटण्यावर निभावलं. झालं! रंभाबाईंनी, म्हणजे प्रीतमच्या आईनं, मला चक्क हात जोडले.

"पाह्य वं सोनिका, पोराच्या जिवावर बेतलं होतं, मासोळीनं आपल्यावर घेतलं. मामा काही खोटे नाही बोलत."

त्या दिवसापासून माझ्या डोक्याला जो ताप लागला तो लागलाच. मासोळी मरायची, की हे त्या दिवसात घरावर काय येऊन गेलं ते शोधून काढायचे. गॅसची नळी जुनी निघाली होती. शेजाऱ्यांशी भांडण होता होता राहिलं. रंभाबाईंचा बीपी वाढून उतरला. शोधणाऱ्याला काय, काहीतरी सापडतंच. मग रविवारी प्रीतम जरीपटक्याला जाऊन नवी मासोळी आणायचा, नऊचा आकडा पुरा करायचा. मला भांड्याच्या पावडरनं घासायचा, सगळं पाणी ओतून नळाचं ताजं पाणी भरायचा आणि म्हणायचा, "आता कसं चकाचक!" दोन दिवसांत आणखी एक जायची.

अहो, कसलं संकट आणि कसलं अंगावर घेणं! संकट मीच होते. माझ्या अर्ध्या बादलीत नऊ जीव आपल्याच घाणीत गुदमरत होते. त्यात आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याला खाणं टाकायची हौस. चिमूटभर म्हणत मूठभर टाकायचे, ते खाली सडायचं. हे सगळं मला आतून दिसत होतं. पण काचेला बोलता येत नाही, फक्त दाखवता येतं. आणि ज्यांना शकुनच पाहायचा आहे, त्यांना काय दाखवणार?

माझ्यात कोणी म्हातारं झालेलं नाही. ही गोष्ट मला फार लागते. घराला म्हातारं माणूस असतं, झाडाला जुनी फांदी असते. माझ्यात नुसते येणारे आणि जाणारे.

एक मात्र टिकली होती. काळी. मखमलीसारखं अंग, बटाट्यासारखे बाहेर आलेले डोळे. सोनेरी आठ बदलत राहिल्या, काळी तीच. सोनिका दुपारी माझ्यासमोर बसून भाजी निवडायची आणि तिच्याशी बोलायची. काळी काचेला तोंड लावून ऐकायची. ऐकायची की नुसती भूक लागलेली असायची, ते मी सांगत नाही. सोनिकाला बरं वाटायचं एवढं खरं.

उन्हाळा लागला. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. मोठ्या तळ्याला तापायला दिवस लागतात, मी दुपारच्या जेवणापर्यंत कोमट व्हायचे. सोनेरी एकामागून एक गेल्या. या वेळी नव्या आणायला प्रीतमला सवड नव्हती, कारण कंपनीत एक पाळी बंद होणार होती. कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, ते शनिवारी कळणार होतं. घरात कोणी नीट जेवत नव्हतं. आणि माझ्यात काळी वर येऊन आ वासत होती.

"अहो, हिले दुसरीकडे ठेवू ना," सोनिका म्हणाली. "मरून जाईन थे."

प्रीतम माझ्याकडे बघत राहिला. बोलल्या रंभाबाई.

"आता हात नको लावू वं तिले. शनिवार होऊ दे. नोकरीवरचं घेऊन राहिली थे आपल्यावर. तू मधात पडली अन् काही उलटं झालं तं?"

पुढचे दिवस मी विसरणार नाही. प्रीतम कामावर जाताना वाकून माझ्यात डोकवायचा, आल्यावर पुन्हा डोकवायचा. काळी हलताना दिसली की त्याचा चेहरा पडायचा. दुष्ट माणूस नाही हो तो. मुंगी पायाखाली आली तर पाय बाजूला घेणारा. पण भीतीनं माणसाचं काय होतं ते मी अगदी जवळून पाहिलं. एक जीव मरावा म्हणून घरातली शहाणीसुरती माणसं वाट बघत होती, आणि तो मरणार होता माझ्या पोटात. मला इतका संताप आला, की तडकून फुटावं आणि सगळ्यांच्या पायांवर पाणी सांडावं असं वाटलं. पण फुटले असते तर काळी फरशीवर पडली असती. म्हणून गप्प राहिले.

सोनिकाची तर दोन्हीकडून कोंडी. काळीला हलवावं आणि नोकरी गेली, तर जन्मभर तिच्या नावानं बोटं मोडली जाणार. न हलवावं, तर रोज भाजी निवडताना ज्या डोळ्यांशी बोलली ते डोळे पाण्यावर तरंगताना बघायचे.

शुक्रवारी दुपारी रंभाबाई शेजारी पापड लाटायला गेल्या. सोनिकानं स्वयंपाकघरातून गंज आणला, तेच दुधाचं मोठं पातेलं. माझ्यातल्याच पाण्यासकट काळीला अलगद त्यात घेतलं. मग खिडकीतल्या कूलरचा पंप बंद केला, बाजूची जाळी उघडली, टाकीतलं पाणी थोडं थोडं गंजात मिसळलं आणि काळीला आत सोडून दिलं. कूलरची टाकी माझ्या कितीतरी पट मोठी. वरून वाळ्याच्या ताट्यांमधून पाणी झिरपत राहतं, त्यामुळे थंडगार. पंपाच्या तोंडाला तिनं जुन्या गाळणीची जाळी घट्ट बांधली. माझ्या काचेतून मी सगळं बघत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा या घरात कोणीतरी पाण्याचा विचार केला.

संध्याकाळी तिनं सांगितलं, "काळी गेली. कुंडीत पुरली."

रंभाबाईंनी डोळे मिटले, सुटल्यासारखा श्वास सोडला आणि पोरावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. त्या रात्री प्रीतम पोटभर जेवला. शनिवारी तो पेढे घेऊनच घरी आला. नोकरी राहिली होती.

आता कपाळ बडवून घेण्यासारखा भाग ऐका. मामांना फोन गेला. मामा म्हणाले, बघा, नऊच्या नऊ कामी आल्या, आता उशीर न करता नवा संच आणा. आणि रविवारी प्रीतम प्लास्टिकच्या फुगलेल्या पिशवीत आठ सोनेरी आणि एक काळी घेऊन दारात हजर! मला घासून, पुसून, भरून ठेवलं होतं. पिशवीतले नऊ चेहरे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, संपलं. आता हे असंच चालणार.

प्रीतम पिशवीची गाठ सोडायला लागला तोच सोनिका मधे आली.

"थांबा. आई, तुमी बी या इकडे."

तिनं कूलर बंद केला आणि जाळी उघडली. आत, वाळ्याच्या वासात, काळी ऐटीत फिरत होती.

"हे... हे तं मेली होती ना वं?" रंभाबाईंनी कूलरच्या आत वाकून पाहिलं.

"मी खोटं बोलली, आई. थे मेलीच नाही."

रंभाबाई एकदा काळीकडे बघत होत्या, एकदा पोराकडे.

"मंग याची नोकरी कोणाच्यानं राहिली?"

"त्याईच्याच्यानं," सोनिका म्हणाली. तिनं प्रीतमकडे बोट केलं. "हिवाळाभर सुट्टीच्या दिवशी जाऊन नवीन मशीन शिकले थे. काहून तुमाले थे दिसलं नाही? मासोळी दिसली, अन् पोरगा नाही दिसला?"

रंभाबाई खुर्चीवर बसल्या. प्रीतम पिशवी हातात धरून तसाच उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते. आजवर सगळं श्रेय मासोळ्यांना जात होतं, आणि बिचाऱ्याला स्वतःलाही ते पटलं होतं. मग त्यानं गाठ पुन्हा आवळली आणि गाडीची किल्ली घेतली.

मासोळ्या दुकानात परत गेल्या. येताना दुकानदारानं बदल्यात एक पाणवनस्पती दिली. ती माझ्यात लावली, तर तिच्या पानामागून दोन बारक्या गोगलगायी निघाल्या. न बोलावता आलेल्या पाहुण्या. पानं चाटतात, काच साफ करतात, सावकाश फिरतात. सोनिका पाणी एकदम ओतत नाही, थोडंच बदलते. मी त्यांना पुरते.

आता सगळं छान झालं असं म्हणाल, तर थांबा. माझी कटकट संपलेली नाही. येणारा प्रत्येक जण विचारतो, "यात काही नाही का?" मामा परवा येऊन म्हणाले, रिकामी पेटी अशुभ. अहो, रिकामी कुठे! दोन जीव सुखानं राहताहेत, ते तुम्हाला मोजता येत नाहीत हा माझा दोष?

आणि काल कूलर उतरवायची गोष्ट निघाली. पावसाळाही सरत आलाय, कूलरची गरज संपली, आता ताट्या काढून तो गच्चीवर जाणार. प्रीतम सहज बोलून गेला, "काळीले मंग सध्या त्या पेटीतच टाकू."

ती आता माझ्या अर्ध्या लांबीची झाली आहे. माझ्यात तिला वळताही येणार नाही. मी सोनिकाकडे बघत होते. पण बोलल्या रंभाबाई.

"त्यात नको टाकू गा. माह्या ड्रमात टाक."

रंभाबाईंचा ड्रम म्हणजे बाल्कनीतला निळा, पाणी साठवायचा. त्याला त्या कोणाला हात लावू देत नाहीत. सोनिकानं मान खाली घातली आणि भाजी निवडू लागली.

तर वाचकहो, माझी विनवणी एवढीच. माझ्यासारखी लहान पेटी घ्यायची तर खुशाल घ्या, पण मासा घेण्याआधी तो मोठा झाल्यावर केवढा होतो ते विचारा. एखादा फायटर, एकटा, नाहीतर दोन गोगलगायी आणि झाडं. तेवढंच आमचं बळ. आमच्यावर तुमच्या घराची संकटं टाकू नका, आम्हाला स्वतःचं पाणीच सांभाळता सांभाळवत नाही. आणि आमच्याकडे बघून 'रिकामी' म्हणायचंच असेल, तर म्हणा. मी ऐकून घेईन. दोघींतल्या मोठ्या गोगलगायीचा शंख हल्ली कडेनं पांढरा पडत चाललाय, चालही मंदावलीय. माझ्यात कोणीतरी म्हातारं होतंय.