दुरुस्त वय

जिल्ह्याच्या केंद्राकडून आलेल्या पत्राला वैजनाथरावांनी दोन महिन्यांत उत्तर दिलं नव्हतं. मसुदे मात्र नऊ झाले होते. वेळेआधी जन्मलेल्या बाळांची वाढ तिथे तपासत. पत्रात दोनच गोष्टी विचारल्या होत्या: नात हिमानीला कोणत्या मंगळवारी आणता आणि तिचं दुरुस्त वय काय. हिमानी अडीच महिने आधी जन्मली होती. जन्मून साडेसात महिने झाले, म्हणजे दुरुस्त वय पाच.

"माह्या नातीचं वय काऊन कापून राह्यले ते?" सुलभाबाई म्हणाल्या. "तिले घाई होती, एवढंच."

वैजनाथराव मेहकरच्या शाळेत एकतीस वर्षं कारकून होते. ज्या मुलाची जन्मतारीख घरच्यांना ठाऊक नसे, त्याला ते बिनदिक्कत एक जूनला जन्माला घालत. निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी येई, तो त्यांच्यामुळे. पण नातीची तारीख खरी होती. ती दुरुस्त करायला प्रतिज्ञापत्र लागेल का, या शंकेत त्यांचा पेन अडला होता.

आरोग्य केंद्राची आशा सेविका धम्मशीला घरी आली. हिमानीला मांडीवर घेऊन म्हणाली, "काका, हे वय दाखल्यावर नाही टाकाचं. पोरीची वाढ मोजाले असते. पाच महिने धरले तरी डावी मूठ उघडत नाही तिची. आता व्यायाम लावले तर हात लवकर चालंन."

"मूठ घट्ट हाये म्हणजे लक्ष्मी धरून बसली," सुलभाबाई म्हणाल्या.

सून श्रद्धा म्हणाली, "मामाजी, तुमचा नववा मसुदा वाचला म्या. लई सुंदर हाये. पण हिमानीले वाचता येत नाही."

वैजनाथरावांनी वाकून नातीच्या डाव्या हाताला बोट लावलं. उजव्या हाताने तिने त्यांचा चष्मा ओढला. डाव्या मुठीतला अंगठा आतच राहिला. चष्मा तिच्याकडे तसाच ठेवून त्यांनी अंदाजाने पोस्टकार्डावर लिहिलं: 'दुरुस्त वय पाच महिने. या मंगळवारी येतो.'

पण ते कार्ड पुन्हा वाचण्यात सोमवार गेला. मंगळवारी सकाळी चौघं बुलढाण्याच्या गाडीसाठी स्टँडवर आली. हिमानी श्रद्धाच्या कडेवर होती. वैजनाथराव पोस्टाच्या पेटीकडे वळले.

"आता तिथंच तर चाललो," सुलभाबाई म्हणाल्या. "हाती देऊन द्या."

"पत्राचं उत्तर पोस्टानंच जाते," ते हळूच म्हणाले आणि कार्ड पेटीत सोडून घाईघाईने गाडीत चढले.