उठवणी

मास्तरांनी क्लॅरिनेटची वेताची पत्ती तोंडात धरली आणि ती भिजेपर्यंत पडद्याच्या फटीतून सभागृह न्याहाळलं. वाचनालयाच्या दीडशे खुर्च्या भरल्या होत्या आणि उशिरा आलेले लोक भिंतीला पाठ लावून उभे होते. पहिल्या रांगेत त्यांची बायको होती, शेजारी तिचा भाऊ आणि भावजय. बायकोने ठेवणीतली शाल काढली होती. पंच्याहत्तराव्या वर्षी आपल्यासाठी कोणीतरी ठेवणीतलं काढतंय याचंच मास्तरांना बरं वाटलं.

कार्यक्रमाचं नाव होतं 'गेलेली दुकानं'. अशा दुकानांचं एक असतं. ती चालू असताना ज्यांनी कधी पायरी चढली नाही, तेच ती बंद पडल्यावर मोठमोठ्याने उसासे टाकतात. पडद्यावर जुने फोटो सरकत होते. बर्फाचा कारखाना आला, लोक हळहळले. टोप्या शिवणारा आला, लोक पुन्हा हळहळले. त्याच्याकडून शेवटची टोपी कोणी घेतली ते मात्र कोणाला आठवेना. छत्रीवाल्याच्या फोटोला एका बाईंनी डोळे टिपले. त्याचं दुकान त्यांच्याच घरमालक नवऱ्याने रिकामं करवलं होतं, पण डोळे टिपायला त्याची अडचण होत नाही.

मग नदीकाठचं हॉटेल आलं. पांढऱ्या टेबलक्लॉथची रांग, कोपऱ्यातला लाकडी मंच, मंचावर पाच वादक. सभागृह एकदम जागं झालं. ग्रंथपालबाईंनी मास्तरांना आणि कप्तानला मंचावर बोलावलं. कप्तान म्हणजे त्या हॉटेलचा हेड वेटर. ऐंशी उलटली तरी पाठीचा कणा ताठ, आणि बसताना मांडीवर रुमाल पसरायची सवय अजून गेली नव्हती.

हा सगळा मजकूर ध्वनिमुद्रित होऊन पुढे त्याचं पुस्तक निघणार होतं. ग्रंथपालबाईंनी मास्तरांना कच्ची प्रत दाखवली होती. त्यात मास्तरांचा फोटो होता आणि खाली अर्धं पान कोरं. "इथे तुम्ही आज सांगाल ते," असं बाई म्हणाल्या होत्या. त्या अर्ध्या पानासाठी मास्तर तीन आठवडे लिहीत आणि खोडत होते. मूलबाळ नाही, रेकॉर्ड निघाली नाही, शिकवलेल्यांपैकी एकानेही वाद्य पुढे चालवलं नाही. जे काही मागे राहणार होतं ते त्या अर्ध्या पानावर.

त्यांनी खिशातून कागद काढला आणि चष्मा लावून वाचायला लागले.

"एकवीस वर्षं मी तिथे वाजवलं. बाकीचा वेळ आम्ही पाचही जण मिळून हलकंफुलकं वाजवायचो. पण रोज संध्याकाळी साडेसातला मालक माझ्याकडे बघून बोट वर करायचे. मग बाकीचे थांबायचे आणि मी एकटा वाजवायचो. संथ रचना, अकरा मिनिटांची, मीच बांधलेली. मालकांनी तिला नाव दिलं होतं, उठवणी. कापडावर रंग उठतो, लाखेवर ठसा उठतो, तशी ती ऐकणाऱ्याच्या मनावर उठायची, म्हणून उठवणी."

सभागृह शांत होतं. मास्तरांना हुरूप आला.

"एकतिसाव्या वर्षी मला मोठ्या शहरातून रेडिओच्या वाद्यवृंदाचं बोलावणं आलं. मी मालकांना सांगायला गेलो. ते म्हणाले, मास्तर, तुम्ही गेलात तर साडेसातची उठवणी कोण करणार? त्या एका वाक्यासाठी मी राहिलो. मला त्याचा कधी पश्चात्ताप झाला नाही."

टाळ्या सुरू होणार, इतक्यात शेजारून खोऽ खोऽ असा आवाज आला. कप्तान हसत होता. हसता हसता त्याने रुमालाने डोळे पुसले.

"मास्तर," तो म्हणाला, "तुम्ही एवढे मिश्कील असाल असं वाटलं नव्हतं. एवढा सरळ चेहरा ठेवून! रंग उठतो म्हणे."

लोक हसले. मास्तरही हसले, कारण सगळे हसत असताना न हसणारा माणूस बावळट दिसतो. कशाला हसायचं ते त्यांना कळलं नव्हतं.

"सांगा ना, आम्हालाही सांगा," ग्रंथपालबाई पुढे सरसावल्या.

"त्याचं असं," कप्तानने माईक स्वतःकडे ओढला. "आमच्याकडे जेवणाच्या दोन पाळ्या. पहिली सहाची, दुसरी आठची. पहिल्या पाळीचे लोक खाऊन झालं तरी हलायचे नाहीत. गप्पा, खिडकीतून नदी, बँड. दुसऱ्या पाळीचे दारात ताटकळत. आता गिऱ्हाइकाला उठा म्हणता येतं का? मालक डोकेबाज. साडेसात वाजले की बोट वर. मास्तरांनी ते रडगाणं सुरू केलं की तिसऱ्या मिनिटाला लोक बिल मागायचे, सातव्या मिनिटाला कोट घालायचे. अकराव्या मिनिटाला टेबलं मोकळी. आम्ही आत आचाऱ्याला ओरडून सांगायचो, उठवणी लागली, दुसऱ्या पाळीचं सूप चढव."

सभागृह खदखदून हसलं. भिंतीपाशी उभा असलेला एक जण तर खालीच बसला.

"एकदा मास्तर आजारी पडले," कप्तानला आता चेव चढला होता, "तर व्हायोलिनवाल्याला उभं केलं. एक माणूस उठला नाही. उलट दोघांनी आणखी एकेक डिश मागवली. मालकांनी कपाळाला हात लावला. मास्तरांसारखा माणूस मिळणं सोपं नव्हतं, काय मास्तर?"

"नव्हतं," मास्तर म्हणाले.

हातातल्या कागदाची त्यांनी घडी घातली, मग त्या घडीची घडी. पहिल्या रांगेत मेहुणा मांडीवर थापा मारत हसत होता. बायको शालीची किनार बोटाला गुंडाळत होती. ती बारा वर्षं त्याच हॉटेलच्या गल्ल्यावर बसली होती. साडेसातनंतर बिलांची रांग तिच्याच समोर लागायची.

"वा, काय जुगलबंदी रंगली दोघांची," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "मास्तर, तुमचं कोरं पान आता भरलं बघा. हाच किस्सा घालू. आता शेवट त्या उठवणीनेच करा. दोनच ओळी, फार नको."

मास्तरांनी वाद्य ओठांना लावलं. पहिला लांब सूर निघाला. दुसरा निघतो न निघतो तोच चौथ्या रांगेतला एक गृहस्थ नाटकीपणाने उठला आणि हवेतल्या हवेत कोट चढवू लागला. मग त्याची रांग उठली, मग मागच्या. हसत, एकमेकांना ढकलत, सगळं सभागृह उभं राहिलं आणि उभ्यानेच टाळ्या वाजवू लागलं. एवढ्या टाळ्या मास्तरांना आयुष्यात कधी पडल्या नव्हत्या.

मेहुणा आणि त्याची बायको हॉलवरून थेट घरीच आले. अभिनंदन करायचं म्हणजे चहा हवा, चहा म्हणजे बिस्किटं हवीत, आणि मेहुणा एकदा खुर्चीत रुतला की रुतला. त्याने कप्तानची नक्कल केली. त्याच्या बायकोने कौतुकाने हसून दाद दिली म्हणून आणखी एकदा केली.

"पण भावजी, मानलं तुम्हाला," तो म्हणाला. "स्वतःची एवढी चेष्टा स्वतःच करायला काळीज लागतं."

"लागतं खरं," मास्तर म्हणाले.

सात वाजले. मेहुण्याने तिसरा कप घेतला आणि नक्कल पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. मास्तरांची बायको सकाळपासून दमली होती, गुडघे धरले होते. तिने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एक जांभई दाबली, आणि नेहमीच्या लाडिक आवाजात म्हणाली,

"अहो, ते तुमचं वाजवा ना जरा."

बोलून झालं आणि तिचा हात तोंडाशी गेला.

लग्न झाल्यापासून ती हे म्हणत आली होती. शेजारी आले की, चुलत सासरे आले की, मास्तरांचे जुने मित्र पत्ते घेऊन बसले की. नवऱ्याचं कौतुक असलेली बायको, असं लोक म्हणायचे, आणि मास्तर दर वेळी थोडे लाजून, थोडे आढेवेढे घेऊन क्लॅरिनेटची पेटी उघडायचे.

मेहुण्याने कप बशीत ठेवला. नक्कल अर्ध्यावर राहिली.

"म्हणजे, ताई, आम्हालाही?" तो म्हणाला. "इतकी वर्षं?"

"तसं नाही रे. सवयीने तोंडातून गेलं."

"तेच म्हणतोय मी." त्याने बायकोला डोळ्यांनी खूण केली. "चल गं. उशीर झाला."

दाराची कडी लावून ती परत आली तेव्हा मास्तर जागचे हलले नव्हते.

"तुला माहीत होतं."

"हॉटेलात सगळ्यांनाच माहीत होतं. मला वाटलं तुम्हालाही असेल. नाही हे कळलं, तोवर तुम्ही रेडिओला नकार कळवून बसला होतात. त्यानंतरही, अजून जाऊया म्हणून मी तीनदा म्हटलं होतं तुम्हाला, आठवतंय?"

"का जाऊया, ते नाही म्हणालीस."

"कशी म्हणणार होते?"

"आणि घरी?"

कप गोळा करता करता, त्यांच्याकडे न बघता ती म्हणाली, "लोक उठायचे नाहीत हो. मला सकाळी लवकर कामाला जायचं असायचं."

मास्तरांनी पेटी उघडली, वाद्याचे तुकडे एकेक करून जोडले आणि वाजवायला लागले. ती हातात ट्रे घेऊन तशीच उभी राहिली, मग मेहुण्याच्या खुर्चीच्या कडेवर टेकली. तिसरं मिनिट गेलं. सातवं गेलं. खिडकीबाहेर कोणीतरी सायकलवरून घंटी वाजवत गेलं. तिने दोनदा कपांकडे पाहिलं, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे. मास्तरांनी एकही सूर गाळला नाही. इतकं स्वच्छ त्यांनी हॉटेलातही कधी वाजवलं नव्हतं.

अकरा मिनिटं संपली. ती गुडघ्यावर हात ठेवून उठू लागली.

"बस," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.