डॉक्टरांचा दगड

थडग्याच्या दगडावर कोरलेल्या 'दंतवैद्य' या शब्दावरच्या टिंबात शेवाळाचा एवढासा गोळा ठासून बसला होता... किडक्या दाढेत पेरूची बी बसावी तसा, घट्ट, जणू जागा त्याच्याच बापाची — आणि तिने सवयीने मान तिरकी केली, बांबूची काडी कडेने आत सरकवली, मनगट जरासं वळवलं. निघाला. जोर लावायचा नाही. जोर लावला की कड उडते, मग ती दाताची असो नाहीतर दगडाची. वर पाण्याचा एक फवारा. 'चूळ भरा' असं अगदी ओठांवर आलं तिच्या, आणि ती एकटीच हसली.

डॉक्टरांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून तिचा सगळा जन्म गेला होता — दिवा धरणं, कापूस देणं, घाबरलेल्यांचा हात धरणं. पुढे डॉक्टरांनी दवाखाना बंद केला, मग ते स्वतःही गेले, आणि आता दर रविवारी ती दफनभूमीतली जुनी थडगी दुरुस्त करणाऱ्या मंडळींत येऊन बसायची. गुडघ्यांखाली उशी, शेजारी बादली. बाकीचे दगडांवरची नावं वाचत. तिला नावाआधी दात आठवत. कोपऱ्यातला तो पोस्टमन — पुढच्या दोन दातांत फट, तिच्यातून शीळ घालत पत्रं वाटायचा. त्याच्या पलीकडची शिवणकामवाली, दोरा तोडून तोडून जिचा एक दात करवतीसारखा झाला होता. आणि पैलवान!... पैलवान सुई बघताच खुर्चीत आडवा झाला होता, आणि डॉक्टर, चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा न हलवता, म्हणाले होते, 'चला, तोंड तरी उघडलं.' गेलेली माणसं अशी आपापली तोंडं घेऊन भोवती जमली की रविवार कसा भरल्यासारखा वाटायचा.

आज मात्र डॉक्टरांचाच दगड. मागच्या वादळात झाडाची फांदी पडून त्याचे दोन तुकडे झाले होते. खालचा जमिनीत रोवलेला, वरचा गवतावर उताणा. पाथरवट दोन्हींत भोकं पाडत होता — आत पोलादी सळ्या बसवायच्या, मग चुन्याने सांधायचं. यंत्राचा तो बारीक, कानात शिरणारा आवाज... तिला तो अंगाईसारखा वाटत होता.

"काकू, जन्मभर यांनी लोकांच्या दातांना भोकं पाडली," पाथरवट धूळ फुंकत म्हणाला, "आज यांचा नंबर. भूल देऊ का आधी?"

"द्या बाई. स्वतःच्या वेळी फार भित्रे होते ते."

बोलून गेली, आणि तिने पटकन फाटकाकडे पाहिलं. वहिनी यायच्या होत्या, डॉक्टरांच्या पत्नी. इतक्या वर्षांत त्यांची ओळख म्हणजे फोनवरचा एक आवाज — 'जेवायला येताहेत का, विचारता?' त्यांच्यासमोर आपण अवघडतो ते का, हे तिला चांगलं ठाऊक होतं... डॉक्टरांचे विनोद तिच्याकडे होते. ढिगाने. भाजी चिरताना एकेक काढून बघायचा आणि पुन्हा जागच्या जागी ठेवून द्यायचा. ते माझे आहेत. दुसरं काय आणलं मी त्या दवाखान्यातून?

वहिनी आल्या. काठी टेकत, पण ताठ. पाथरवटाने पुढे केलेल्या स्टुलावर बसल्या.

"एक विचारू? खरं सांगायचं हं," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात हे हसायचे?"

तिने ब्रश बादलीत बुडवला.

"घरी नाही हो. बूट काढायचे, पेपर घ्यायचे. कधी बोललेच तर असं काहीतरी चमत्कारिक, की पुढे काय म्हणावं ते सुचायचं नाही. आधी वाटलं, स्वभाव असेल. मग वाटायला लागलं... माझंच काहीतरी कमी पडतंय."

हो म्हणावं तर या बाईच्या उभ्या संसारावर ओरखडा. नाही म्हणावं तर धडधडीत खोटं, आणि तेही त्यांच्याच दगडावर हात ठेवून...

"हसायचे नाहीत," ती सावकाश म्हणाली. "हसवायचे. स्वतःचा चेहरा मात्र इस्त्री केल्यासारखा सपाट. कितीतरी लोकांना घरी गेल्यावर कळायचं." आणि पैलवानाची गोष्ट तिने सांगून टाकली.

वहिनी हसल्या नाहीत. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"थांबा... सपाट चेहऱ्यानं? लग्नानंतर माझा भाऊ पहिल्यांदा घरी आला, तर हे त्याला म्हणाले, 'तुमच्या बहिणीचे दात उत्तम आहेत. ठेवून घेतो.' भाऊ न जेवता निघून गेला. म्हणजे तो..."

"विनोद होता, वहिनी."

"अगं बाई!" हसू आधी खांद्यांत आलं, मग काठी हातातून निसटली. "आणि मी आजारी होते तेव्हा, 'तू गेलीस तर माझे मोजे कोण हरवणार?' — हाही?"

"हाही."

"उठून दोन दिवस मोजे शोधत होते मी!"

पाथरवटाने यंत्रच बंद केलं. त्याला हसू आवरेना. वहिनी डोळे पुसत होत्या, आणि ते हसण्याचं पाणी होतं की दुसरं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. तिला मात्र क्षणभर टोचलं. म्हणजे आपला ढीग आपल्या एकटीचा नव्हताच... ते घरीही नेत होते, रोज, ताजे ताजे. घेणारं कोणी नव्हतं इतकंच. टोचलं, आणि मग टोचेनासं झालं.

दुपारी कप्पीने वरचा तुकडा उचलला. तो सळ्यांवर हलकेच उतरला, जरा कुरकुरला आणि बसला. तिघांनी एकदम श्वास सोडला.

सांध्यातून बाहेर आलेला चुना ओल्या फडक्याने पुसता पुसता तिला दवाखान्याचा शेवटचा दिवस आठवला. ती दिव्यावर कापड घालत होती. डॉक्टर दारात, टोपी हातात, चेहरा तसाच. 'तुम्ही नसता, तर मी हा दवाखाना केव्हाच बंद केला असता.' ती खळखळून हसली होती. नेहमीसारखी, लगेच — तिच्यावर घरी जाऊन कळायची वेळ कधी आलीच नव्हती. ते थोडे थांबले होते... मग दार लोटून गेले होते.

विनोदच होता तो. होता ना?

पाठीमागे वहिनी पाथरवटाला आणखी एक वाक्य सांगून 'हाही?' म्हणून विचारत होत्या, आणि डॉक्टरांना जन्मात न पाहिलेला तो गडी ठामपणे 'हाही, हाही' म्हणत होता. तिने कुणाला विचारायचं? दात काढल्यावर जीभ जशी त्या मोकळ्या जागेकडे पुनःपुन्हा जाते, काही दुखत नसताना, नुसती नवल करत, तशी ती त्या वाक्याकडे जात राहिली... आणि दर खेपेला ते तिला थोडं वेगळं लागत होतं.