दोघांनी लपवलेली गळती

मी एल्बो बोलतोय. वाकवलेल्या कोपरासारखा, काळ्या प्लास्टिकचा, मुठीत मावेन एवढा. इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट तापलं की माझ्यातूनच वळण घेऊन रेडिएटरकडे जातं. एका बाजूने मला दोन बोल्टनी इंजिनाला आवळलेलं असतं, दुसऱ्या बाजूला रबरी पाईप. बॉनेट उघडलं तरी मी कुणाच्या नजरेत भरत नाही.

एका निळ्या गाडीत माझी अकरा वर्षं गेली. पहिला मालक गाडीला जिवापाड जपायचा. त्याच्याच काळात कुणीतरी पाईप बदलताना माझा बोल्ट असा करकचून आवळला, की माझ्या कडेला आतून काहीतरी कुरकुरलं. दुखलं, पण गळलं नाही. कुणाला कळलंही नाही.

मग गाडी एका लेकीने घेतली, वडिलांसाठी. वडील म्हणजे अप्पा. जन्मभर कारखान्यात बॉयलर सांभाळलेला माणूस. आता त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. लेक छापखान्यात बाइंडिंगचं काम करायची आणि त्या तिन्ही दिवशी अर्धी रजा टाकून त्यांना दवाखान्यात न्यायची. आतलं मला दिसायचं नाही, पण ऐकू सगळं यायचं. जाताना अप्पा गप्पा मारायचे. येताना थकून गप्प असायचे.

यंदा उन्हाळ्यात माझी ती जुनी जागा उलली. केसाएवढी चीर. इंजिन तापलं की तिच्यातून थेंब थेंब कूलंट झिरपायचं. लेकीने गाडीखाली ओलं पाहिलं, बोट लावून वास घेतला आणि इकडेतिकडे बघत बॉनेट उघडलं. बाटलीभर पाणी ओतलं, ओघळ फडक्याने पुसले आणि आवाज होऊ नये म्हणून बॉनेट हलक्या हाताने दाबून बसवलं.

बॉनेटला टेकूनच ती धाकट्या बहिणीशी फोनवर बोलली. "त्यांना सांगू नकोस हं. मागे गाडी बंद होती तेव्हा 'माझ्यापायी कशाला धावपळ' म्हणून डायलिसिसच्या दोन खेपा बुडवल्या त्यांनी. छातीत पाणी भरलं होतं. आठवतंय ना?"

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. रोज सकाळी बाटली यायची, संध्याकाळपर्यंत मी पाणी सांडून मोकळा. चीर लांबत होती. अगं बाई, आधी मला बदल, असं ओरडावंसं वाटायचं. पण मला तोंड असं नव्हतंच. होती ती चीर, आणि ती थेंबाथेंबाने जेवढं सांगता येईल तेवढं सांगत होती.

तिसऱ्या आठवड्यातला शुक्रवार. दवाखान्यात निघालो होतो. पुलाच्या चढावर गाड्या अडकलेल्या, वारा नाही. माझ्यातून पाणी चाललं होतं आणि इंजिन भट्टीसारखं फुलत होतं. आतून अप्पांचा आवाज आला, "हीटर पूर्ण सोड. काचा खाली घे."

"अहो अप्पा, एवढ्या उन्हात?"

"इंजिनाची धग आत ओढून घेईल. पूल उतरेपर्यंत तरी दम धरेल."

पूल उतरलो. उतरलो आणि मी उभा फाटलो. वाफेचा लोट उठला. लेकीने गाडी कडेला घेतली, धावत येऊन बॉनेट उघडलं आणि तिचा हात कूलंटच्या टाकीच्या झाकणाकडे गेला.

"हात मागे!" अप्पा एवढ्या जोरात ओरडलेले मी कधी ऐकले नव्हते. दाराला धरून कसेबसे उतरत ते म्हणाले, "वाफ कोंडलीय त्यात. कातडं सोलून काढेल."

ती मटकन फुटपाथवर बसली. "मला माहीत होतं, अप्पा. तीन आठवडे गळतंय. मी नुसती पाणी ओतत राहिले."

"मलाही माहीत होतं," अप्पा म्हणाले. बोलताना त्यांना धाप लागत होती. "गोडसर वास येत होता. तापमानाचा काटाही रोज जरा वर. म्हटलं, बोललो तर तुझी आणखी एक रजा जाईल."

ती हसायला लागली, आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात पावाची गाडी थांबली. "बसा काका, सोडतो मी," ड्रायव्हर म्हणाला. दोघं गेली. मी तिथेच चरचरत राहिलो.

दुपारी गाडी ओढून गॅरेजमध्ये आणली. चष्मेवाल्या मिस्त्रींनी मला सोडवून टेबलावर ठेवलं. लेकीचा फोन आला. "आजच चिकटवून देता येईल का?"

"देईन की. पण तापलं की परत सुटेल, ताई. गाडीत पेशंट बसतो ना? मग नको. नवा मागवतो."

नवा एल्बो शनिवारी आला. मिस्त्रींनी इंजिनावरची माझी बसायची जागा घासून साफ केली, नवी रबरी रिंग घातली, बोल्ट जपून आवळले. कूलंट भरून सगळी हवा काढली. गाडी तयार होती. पण तिला न्यायला कुणी येईना. रविवार गेला. अप्पांची वेळ चुकली असेल का? ती धाप? टेबलावर पडल्या पडल्या मी नको नको ते मनात आणत होतो.

सोमवारी लेक आली. एकटीच. तिने किल्ली घेतली आणि म्हणाली, "शुक्रवारी पोचायला उशीरच झाला होता. तीन दिवस ठेवून घेतलं त्यांना. आता आणायला चाललेय."

तासाभराने गाडी गॅरेजच्या दाराशी परत थांबली. पुढच्या सीटवर अप्पा! लेकीने मला उचलून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मला उन्हात धरून चिरेवरून अंगठा फिरवला. "एवढीशी!" मग म्हणाले, "यापुढे पाय सुजले, दम लागला, की मी सांगणार. रजा जाऊ दे नाहीतर आणखी काही."

"आणि मी?"

"तूही सांगायचं. लगेच."

अप्पांनी मला परत दिलं, आणि आता मी गॅरेजच्या भंगाराच्या डब्यात आहे. उद्या भंगारवाला नेईल. माझी तक्रार नाही. गाडी सुरू झाली तेव्हा इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकला. नवा एल्बो कोरडा आहे. दोघं मात्र वळणापर्यंत एकमेकांचं बोलणं तोडत बोलत होती.