काळ्या छत्रीपुढे वाकलेली ज्योत

कोचीतल्या मट्टांचेरीच्या सुंठीच्या गोदामापुढे ही मोठी रांग लागली होती. आत पांढऱ्या भिंतीवर माणसाएवढी ज्योत तेवत होती. तेल नाही की वात नाही. शबरीमलैच्या व्रताचं काळं मुंडू, म्हणजे लुंगी, नेसलेला एक जण पुढे गेला आणि ज्योत त्याच्याकडे वाकली.

"पाहिलंत? पितर ओळखतात!" भिंतीशेजारी बसलेले ज्योतिस्वामी गरजले. "पुण्यवंताला उत्तर, पाप्याला पाठ. शंका घरी ठेवा, दक्षिणा इथे!"

आईला शोधत आलेली बीना दारातच थबकली. माणूस जवळ आला की हलणाऱ्या, उजळणाऱ्या भिंती करत ती देशोदेशीच्या प्रदर्शनांतून फिरायची. ही ज्योत तिचीच, अगदी पहिली. प्रदर्शन संपल्यावर यंत्रं इथेच पडून राहिली आणि गोदामाचा राखणदार यथावकाश स्वामी झाला.

रांगेतून तिची आई, देवयानी अम्मा, पुढे सरकली. अंगावर नेहमीचं पांढरं मुंडू. ज्योत ढिम्म हलली नाही.

"पोटात अजून मधुमेहाच्या गोळ्यांचा विटाळ आहे," स्वामी म्हणाले. "वारलेला नवरा बोलणार कसा?"

"सगळ्या बंद केल्या हो, स्वामी." अम्माचे पाय सुजून टम्म झाले होते.

 बीनाने आपली काळी छत्री उघडून आईच्या हातात दिली. "धर, अम्मा."

ज्योत वाकली. छत्री डावीकडे गेली, ज्योतही डावीकडे!

"छत्रीनं कुठलं व्रत केलं, स्वामी?" मागून कुणीतरी विचारलं. हशा पिकला.

बीनाने तुळईवरचा झेंडूचा हार ओढला. मागे कॅमेरा आणि प्रोजेक्टर होते. "पांढऱ्या भिंतीपुढचं पांढरं कापड या कॅमेऱ्याला दिसत नाही. काळं दिसलं की यंत्र ज्योत तिकडे वाकवतं. एवढंच." तिने वायर उपटली. भिंत कोरी झाली.

स्वामी मागच्या दाराने केव्हाच पसार झाले होते.

"म्हणजे तुझे वडील, तुझे अच्छन, इथे नव्हतेच?"

"नव्हते, अम्मा."

"घरात दिवसभर हाका मारते मी. ओ द्यायला कोणी नाही." अम्मा कोऱ्या भिंतीकडे बघत म्हणाली. "परक्यांना ओ देणाऱ्या भिंती मात्र तू गावोगाव उभ्या केल्यास, मोळे, माझ्या पोरी."

 बीनाने छत्री मिटली, आईचा हात धरला. "आधी डॉक्टरांकडे. मग घरी. मी आहे आता."

मुलांनो, एखादी भिंत बोलू लागली, तर हात जोडण्याआधी तिच्यापुढे एक छत्री धरून बघा. कुणा बाबाच्या सांगण्यावरून औषध सोडू नका. आणि घरात कुणी हाक मारत असेल, तर ओ आपण द्या. ते काम भिंतीचं नाही.